हलव्याचे दागिने आणि सीटचा पट्टा

२५ जानेवारी, शनिवार. सकाळचा चहा झाल्यावर हलव्याचा हार पुन्हा ओवायला बसले. विहीणबाईंनी नातवाच्या बोरन्हाणासाठी मुकुट, बाजूबंद, हार असं सगळं स्वतः करून नाशिकहून पाठवलं होतं. मुकुट धड पोचला, हाराचा दोरा बॅगेत तुटला. मुलगी चार वर्षांच्या मुलाला घेऊन अमेरिकेहून आमच्याकडे शारजाला आली होती. संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात बोरन्हाण उरकायचं होतं आणि फोटो नाशिकला पाठवायचे होते.

पण ती बोरन्हाणासाठी आली नव्हती. जावयाला दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. जावई म्हणाला होता, तू ठरव. ती मला विचारत होती. पगार नाही, भाडं नाही, एकच प्रश्न: "आई, इथे मूल सेफ आहे ना?"

नातवाच्या तिकडच्या बालवाडीत बंदूक घेऊन कोणी शिरलं तर काय करायचं, याची मुलांना सवय करून देतात. दिवे घालवतात, दार लावतात, मुलं कोपऱ्यात गप्प बसतात. बाई त्याला खेळ म्हणतात. मुलीने हे सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

मी गाड्यांच्या विम्याचं काम करते. अपघातांचे क्लेम जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात माझ्या टेबलावर येतात, बरीच वर्षं येताहेत. फोटो बघून पूर्वी जेवण जायचं नाही. आता जातं. फक्त मूल असलं की त्या दिवशी दुसरी फाइल उघडायचा कंटाळा येतो.

हॉलवर गर्दी असते म्हणून मुलीने घरीच त्याला काळे कपडे घालून दागिने चढवले. खाली येऊन त्याला मागच्या सीटवर लावलेल्या लहान मुलाच्या खुर्चीत बसवलं, तर पट्टा हारावरून जाईना. ओढला असता तर हलव्याचा चुरा झाला असता.

"राहू दे, मी मांडीवर घेते," मुलगी म्हणाली.

"पट्टा लाव."

"आई, हार तुटेल. आणि हॉल सिग्नलच्या पलीकडे तर आहे."

पुढच्या सीटवरून आमचे हे म्हणाले, "यल्ला, निघा आता. पोरगं कृष्णासारखं दिसतंय, त्याला कशाला आवळताय?"

"तुम्ही आधी स्वतःचा लावा."

"लावतो. शारजाचे पोलीस परवडले."

मी चालू केलेली गाडी बंद केली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"हे काय?" मुलगी म्हणाली. "सगळे वाट बघताहेत तिथे."

"बघू देत. अमेरिकेत त्याला मांडीवर घेऊन जातेस का?"

"तिथे नाही. तिथे लगेच पकडतात. इथे सगळेच तर घेतात. काल तुझ्या शेजारणीने नाही का घेतलं?"

"घेतलं ना. म्हणून तर माझी नोकरी टिकली आहे."

मी मागे गेले, त्याच्या गळ्यातला हार काढला, बाजूबंद काढताना एक मोडला. तो म्हणाला, "ग्रँडमा, यू ब्रोक इट."

"हो, मोडला," म्हटलं आणि पट्टा लावला.

हॉलमध्ये बायका जमल्या होत्या. दागिने परत चढवून त्याला पाटावर बसवलं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे आणि चॉकलेटं ओतली. इतर पोरं तुटून पडली, तोही त्यांच्यात घुसला. एका बाईंनी मोडलेल्या बाजूबंदाकडे बघून "अय्या, हे कसं झालं?" विचारलं. मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्या हसल्या, मीही हसले.

पुढे कोणीतरी वर्षभराच्या कार्यक्रमांचे फोटो पडद्यावर दाखवणार होतं. त्यांनी दार ओढून घेतलं, दिवे मालवले आणि माइकवरून म्हणाले, "किड्स, क्वाएट प्लीज."

नातू शेजारी नव्हता. मी चुरमुऱ्यांच्या टेबलाखाली वाकून पाहिलं. तो गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसला होता, मुकुट काढून हातात धरला होता. मला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि सरकून माझ्यासाठी जागा केली.

मागे कोणीतरी म्हणालं, "लाजाळू आहे हो." मुलगी आली आणि खाली बसून त्याला जवळ घेऊ लागली. तो हळूच म्हणाला, "नॉट यट, मम्मा." दिवे लागल्यावरच तो बाहेर आला.

घरी आल्यावर तो झोपला. आम्ही दोघी भांडी घासत होतो. ती म्हणाली, "बघितलंस ना? म्हणून मला इथे यायचंय. इथे गोळीबार तर होत नाही. तेवढं पुरे आहे मला."

मी तिला एक क्लेम सांगितला. आईबाप मुलाला लस टोचून घरी आणत होते. ते रडत होतं म्हणून आईने मांडीवर घेतलं. सिग्नलला उभे असताना मागून गाडी आदळली. आईच्या कोपराला खरचटलं. मूल गेलं. वडिलांनी फोनवर विचारलं होतं की डिकीत मुलाची नवी खुर्ची आहे, प्लास्टिकही काढलेलं नाही, तिचं काय करू?

"तू काय सांगितलंस?"

"आमच्याकडे जमा करायची गरज नाही म्हटलं. दुसरं काय सांगणार?"

तिने नळ बंद केला. "म्हणजे येऊ नको म्हणतेस?"

"ये म्हणते. टेबलाखाली बसायची सवय त्याला नको. पण इथे सेफ आहे का, असं मला परत विचारू नकोस. ते तुझ्यावर आहे. रोजच्या रोज, हॉल जवळ असला तरी. बाबा लाडाने पट्टा सोडतील, शेजारीण म्हणेल दे इकडे, तू नाही म्हणायचंस आणि वाईट व्हायचंस."

"तुझ्यासारखं."

"माझ्यासारखं."

तिने हात पुसले. मग नवऱ्याला फोन लावत गॅलरीत गेली. तिचा "हो कळव" एवढाच शब्द मला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आणि नातू उठायच्या आत आम्ही दोघी सिलिकॉन ओएसिसला गेलो. भाड्याच्या घरांच्या एजंटने फोनवर सुचवलेल्या इमारतीपाशी गाडी लावली आणि तिथून जवळच्या नर्सरीच्या फाटकापर्यंत चालत गेलो. मध्ये मोठा रस्ता होता. वळणावर डिलिव्हरीच्या मोटारसायकली न थांबता आत घुसत होत्या. आम्ही काही वेळ कडेला उभं राहून बघितलं. मी एजंटला फोन करून सांगितलं की हा फ्लॅट नको, नर्सरीच्या बाजूचं काही असेल तर दाखवा. तो म्हणाला, मॅडम, त्या बाजूला व्ह्यू नाही. मी म्हटलं, चालेल, आज किती वाजता येऊ?