नणंदेच्या बाळाची बॅग

घटस्फोट होऊन काही महिने झाले होते, तेव्हा नणंदेचा फोन आला. नणंद म्हणजे आधीच्या नवऱ्याची धाकटी बहीण. मी लग्न होऊन वर्तकनगरला गेले तेव्हा ती कॉलेजात होती. साडीला फॉल लावणं, ब्लाउजला हुक लावणं तिला मीच शिकवलेलं.

"वहिनी, सातवा लागलाय. रविवारी आईकडे डोहाळजेवण आहे, तू यायचंस. आणि मला बॅग शिवून दे ना, बाळाची. डायपर, बाटल्या, दुपटी, सगळं राहील अशी. दुकानातल्या सगळ्या एकसारख्याच दिसतात."

"अगं, मी आता तुझी वहिनी नाही."

"मग काय म्हणू? मॅडम?"

मी शिवते म्हटलं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं आणि तेवढाही उत्साह नव्हता. तुझा दादा असणार का, एवढं विचारलं. ती म्हणाली, "नाही, त्याची शीळफाट्याला साईट चालू आहे. रविवारीपण जातो."

मी तेव्हा डोंबिवलीला आईबाबांकडे परत आले होते. ऑफिसला जायचे, यायचे, जेवायचे. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा असतो, तशी मी सगळीच होते. हात लावलेला कळायचा, पण लागायचं काही नाही.

बाजारात जाऊन पिवळसर जाड सुती कापड घेतलं आणि आतल्या बाजूला लावायला ओल न झिरपणारं अस्तर. दुकानदार म्हणाला, "बाळाची बॅग का? कितवा महिना?"

"सातवा."

त्याने माझ्याकडे बघून अभिनंदन केलं. मी थँक्यू म्हटलं आणि पिशवी घेऊन निघाले. रस्त्यात आल्यावर वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही. मग मी कोथिंबीर घेतली.

आईला ते पटलेलं नव्हतं. मी मशिनवर बसले की ती बाहेरच्या खोलीतून बोलायची. "त्यांचं आपलं काय राहिलंय आता? उगाच डोळे फोडून घेतेयस." मी मशिन चालू ठेवायचे. शिवताना बरं वाटायचं असं नाही, पण पुढे काय करायचं ते ठरलेलं असायचं. आधी खिसे, मग चेन, मग बाजू. बाटल्यांच्या खिशांना इलॅस्टिक घातलं. ओल्या कपड्यांसाठी वेगळी छोटी थैली केली. दुपटं बदलायला उलगडता येईल अशी एक चटई केली, मध्ये पातळ स्पंज घालून. त्या जाडीवर मशिनची सुई तुटली. दुसरी लावली, तीही तुटली. मग ती कड हातानेच शिवली.

रविवारी बॅग घेऊन वर्तकनगरला गेले. सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. दारातच आधीची सासू भेटली. माझ्याकडे बघून तिने पटकन मागे बघितलं. मागे गावाकडून आलेल्या बायका बसलेल्या. त्यातल्या एका मावशीने तिथूनच हाक मारली, "अगं सूनबाई! किती दिवसांनी! गावच्या लग्नालाही आली नव्हतीस."

सासू म्हणाली, "ऑफिसमधून वेळच मिळत नाही हो तिला."

तेव्हा मला कळलं. यांनी गावाला सांगितलंच नव्हतं.

मावशीचं लक्ष माझ्या रिकाम्या गळ्याकडे गेलं, पण तिनेच स्वतःची समजूत घातली. "हल्लीच्या मुली मंगळसूत्र घालतच नाहीत." मग मला पुढे ढकललं. "चल, वहिनीने पहिली ओटी भरायची."

मी सासूकडे बघितलं. ती तबक घेऊन उभी होती, ते तिने माझ्यापुढे धरलं. माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. नणंद फुलांचे दागिने घालून बसलेली, गोरी आणि सुजलेली. मी हळदकुंकू लावलं, तांदूळ, नारळ, खण तिच्या पदरात घातले. मावशी म्हणाली, "आता तुझा नंबर हं." सगळ्या हसल्या. मीही हसले. ते मला सहज जमलं, याचंच आश्चर्य वाटलं.

नणंदेने तिथेच बॅग उघडली. एकेक खिसा उघडून बघितला. सगळ्यात आतल्या छोट्या खिशात बोटं घातली.

"हा कशाला?"

"तो तुझा. मोबाईल, चावी. बाळाच्या सामानात तुझं काही हरवायला नको."

तिचे डोळे भरून आले. बायका म्हणाल्या, या दिवसांत असंच होतं.

जेवणाच्या पंक्तीशी तो उभा होता. साईटवर गेलाच नव्हता. बारीक झालेला. "जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेवून जा."

"हो."

एवढंच. जेवताना सासू माझ्याशेजारी येऊन बसली, पानाकडे बघत हळूच म्हणाली, "हिचं बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग सांगते सगळ्यांना. तू रागावू नकोस."

"नाही रागावले," मी म्हटलं. खरंच नव्हते. तिने माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली आणि मी ती खाल्ली. मग रिक्षाने माजिवड्याला आले आणि तिथून बसने घरी. संध्याकाळी आईने विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "चांगलं झालं," आणि कपडे वाळत घातले.

नणंदेला मुलगी झाली. सासूने पुढे खरंच गावाला कळवलं. बारशाला मला कोणी बोलावलं नाही आणि मीही वाट पाहिली नाही. नणंदेने फोटो पाठवला. बाळ झोपलेलं आणि मागे खुर्चीला बॅग अडकवलेली, पट्ट्यावर दुधाचा डाग. तिच्या मैत्रिणीलाही तशीच बॅग हवी होती, म्हणून मी पुन्हा मशिन पुसून घेतलं.

कापड बेतायला बसले तर कात्री जागेवर नाही. शोधत स्वयंपाकघरात गेले. आई माझ्या कापडाच्या कात्रीने दुधाची पिशवी कापत होती.

"आई! कापडाची कात्री आहे ती! किती वेळा सांगितलं तुला! धार जाते तिची!" मी ओरडले. ओरडतच राहिले. कात्रीवरून सुरू झाले आणि कुठल्या कुठे गेले. बाबा पेपर घेऊन दारात येऊन उभे राहिले. माझे कान तापले होते, गळा दुखत होता.

आईने कात्री धुतली, पदराला पुसून माझ्या हातात दिली आणि गॅसवर दूध ठेवलं.