सिस्टरमावशींचं उठणं

सिस्टरमावशींच्या दारात कुणीही आलं, की त्या उठून उभ्या राहायच्या. सरपंच असो, भंगारवाला असो, नाक पुसत आलेलं पोर असो. गुडघ्यांचं पार वाटोळं झालेलं, तरी खुर्चीचा हात धरून उठायच्याच. नर्सच्या नोकरीवर त्या घाटनांदूरला आल्या आणि नोकरी संपल्यावरही आमच्या समोरच राहिल्या. निम्म्या गल्लीची बाळंतपणं त्यांनीच केलेली, त्यामुळे त्यांचा हा सोस सगळे चालवून घेत.

माझे वडील, दादा, ग्रामपंचायतीचे सफाई कामगार. मावशी नव्यानं राहायला आल्या, तेव्हा नाली काढून झाल्यावर दादा त्यांच्याकडे पाणी मागायला गेले. मावशी उठल्या. दादांनी मागं वळून पाहिलं; पाठीमागं कुणी साहेब आलाय, असं वाटलं त्यांना. मागं कुणीच नव्हतं.

“कावून उठता, सिस्टर?”

“देवानं त्याच्या रूपाचा माणूस दारात धाडलाय. बसून कसं ऱ्हावं?”

आम्ही बौद्ध. देवाचं दादांना काही पटलं नाही. उठणं मात्र पटलं. पुढे जन्मभर ते घरी ही गोष्ट सांगत राहिले.

एसटी स्टँडवर एक वेडसर माणूस असायचा. नाव-गाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशी त्याला भाकरी नेऊन द्यायच्या. तो कधी खायचा, कधी त्यांच्याच अंगावर फेकायचा. “आज नेम चुकला त्याचा,” एवढंच त्या परत आल्यावर सांगायच्या.

एका उन्हाळ्यात तो वारला. पोलिसांचे सोपस्कार झाले, प्रेत न्यायला कुणी आलं नाही. मावशी त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेल्या. ते म्हणाले, माणूस आपल्या मंडळीतला नाही, आणि कब्रस्थानात जागाही उरलेली नाही. खरंच होतं ते. उरली होती एकच, मावशींच्या नवऱ्याच्या कबरीशेजारची. ती त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती.

ती देऊन टाकली म्हटल्यावर त्यांचा मुलगा तणतणत आला. बाबांच्या शेजारी हा कोण कुठला?

“ख्रिस्त तुझ्यासाठी जेवढा मेला, तेवढाच त्याच्यासाठी,” मावशी म्हणाल्या. “त्यात कमी-जास्त न्हाई.” मग पदरानं डोळे पुसले. “मला लई वाईट वाटतंय रे. तरी बी त्याला तिथंच ठेव.”

गेल्या वर्षी मावशी गेल्या. गावात जागा नव्हती, म्हणून त्यांना अंबाजोगाईला न्यायचं ठरलं. नवरा इथं, त्या तिथं. या गोष्टीची मला अजून चुटपुट लागते.

पेटी गाडीत ठेवली, तेव्हा दादा अंगणात बाजेवर होते. लकव्यानं त्यांची एक बाजू गेलेली; जेवायलाही आम्हीच त्यांना धरून बसवायचो. त्यांनी बाजेची कड घट्ट पकडली. मी धावले. म्हटलं, दादा, पडाल, बसूनच हात जोडा.

“धर मला,” दादा म्हणाले. “सिस्टर चालल्यात. बसून कसं ऱ्हावं?”

मी धरलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत दादा उभे होते.