कुरुळीच्या पानावरचा परिच्छेद मीच उडवला

भावांनो, आज फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर महाळुंग्यात चहाच्या टपरीवर सायली भेटली. मी कॉलेज अर्धवट सोडून कंपनीत लागलो, ती अजून शिकतेय. माझा तिच्यावर जीव आहे, हे तिला सोडून सगळ्यांना माहितीये.

त्यांच्या सरांनी प्रोजेक्ट दिलंय. कुणीही लिहू शकतं अशा ऑनलाइन विश्वकोशात आपल्या गावाची खरी माहिती टाकायची, ती टिकते का बघायचं आणि त्याच्यावर भरवसा ठेवावा का ते ठरवायचं. तिचा जोडीदार ओंकार. दोघं सारखे एकत्र. काल माझं डोकं सटकलं आणि तिच्या गावाच्या, कुरुळीच्या, पानावरचा त्यांचा परिच्छेद मी उडवला. वाटलं, ओंकारनंच लिहिलाय.

आज ती म्हणाली, "मी लिहिलेलं कुणीतरी काढलं रे. लोकांनी शिफ्टवरून आल्यावर स्वतः विटा वाहून गावातला बुद्धविहार बांधला, असं आजोबांनी सांगितलेलं."

"असेल कुणी रिकामटेकडा," मी म्हणालो.

"नाही, माहितगार असेल. म्हणून आजोबांना परत विचारलं, नक्की असंच झालं होतं ना? तर म्हणाले, मग मीच विसरत असेन, बाळा."

चहा अर्धाच टाकून मी घरी आलो.

परिच्छेद मी आत्ता परत टाकलाय. पण उद्या ती वर्गात सांगणार की आजोबांचं चुकलं. त्याआधी तिला फोन करतोय. ती नंतर बोलणार नाही बहुतेक, तरी सांगतोच. पण त्या म्हाताऱ्या माणसासमोर जाऊन काय बोलू, सांगा राव.