गिंडीची हरणं कुठे गेली

पन्नासच्या दशकात आम्ही मद्रासला आलो तेव्हा आई महिनाभर कुणाशी धड बोलली नाही. वडील केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून. बदली झाली म्हणून सोलापूरहून बिऱ्हाड उचलून आलेलो. आईला तमिळ येत नव्हतं. शेजारच्या मामी मूळच्या तंजावरकडच्या मराठी, पण त्यांचं मराठी इतकं जुनं आणि तमिळ हेलाचं, की आई त्यांच्यापुढे नुसती मान डोलवायची. भाकरीला मनासारखी ज्वारी मिळेना. परतीचं तिकीट काढा म्हणून ती रोज वडिलांच्या मागे लागे.

मग एका सकाळी ती केरसुणी हातात घेऊन मागच्या दारात तशीच उभी राहिली. आमची वसाहत गिंडीच्या रानाला लागून होती, मधे फक्त एक गवताळ मैदान. तिथे काळविटांचा कळप चरत होता.

"अगं, ही तर आपली!" ती मला म्हणाली.

तिच्या माहेरच्या माळावर हीच जनावरं ज्वारीत शिरायची आणि आजोबा शिव्या घालत गोफण घेऊन धावायचे. मद्रासमध्ये मात्र त्यांचं केवढं कौतुक! त्या दिवसापासून तिकिटाचं नाव नाही. रोज चहा घेऊन ती मागच्या पायरीवर बसायची आणि मोठा काळा नर दिसला की मला अंथरुणातून ओढून काढायची. झोपमोड झाली की मी भयंकर चिडायचे. आज त्या हाकेसाठी मी काहीही देईन.

तिचं असं उन्हात बसणं वडिलांना बघवेना. मद्रासचं ऊन सकाळीच चटके देतं. त्यांनी शेजाऱ्यांना जमवून मैदानाच्या कडेला शिरीष, गुलमोहर, कडुनिंब लावले. मग उत्साहाला उधाण आलं आणि मैदानभर रोपं झाली. कचेरीतून आले की बाह्या सरसावून ते बादल्या वाहायचे.

झाडं भराभर वाढली आणि हरणं कमी होत गेली.

वसाहतीत प्रत्येकाकडे कारण तयार होतं. वडील म्हणत, रानाचे तुकडे पाडून इमारती उठतायत, मग जनावरं राहणार कुठे? वरच्या मजल्यावरचे रेल्वेतले गृहस्थ चोरून शिकार करणाऱ्यांवर घसरत. मामी म्हणत, "अय्यो, कुत्री! पाडसं ठेवतात होय ती?" सगळ्यांचंच थोडंथोडं खरं असावं. आई कायम मामींची बाजू घेई. "कुत्रीच. दुसरं काय!" एव्हाना तिला मामींचं मराठी चांगलंच कळू लागलं होतं.

शेवटचा काळवीट कधी दिसला, आठवत नाही. तो शेवटचा आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

मी कॉलेजात गेले त्या वर्षी गाडी येऊन वसाहतीतली भटकी कुत्री पकडून घेऊन गेली. तरी मैदान रिकामंच. सकाळी पायरीवर आईशेजारी बसून मी म्हटलं, "कुत्री तर गेली. मग हरणं का येत नाहीत?"

वडील आत आंघोळ करत होते. आईने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"माळावरचं जनावर ते. लांबवर दिसलं नाही की त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही. एवढ्या झाडीत ते कशाला येतंय!"

"म्हणजे तुला आधीच माहीत होतं? मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"पहिलं रोप लावलं त्याच दिवशी सांगणार होते. तर हे चिखलाच्या हातांनी समोर आले आणि विचारलं, आता तुला इथे करमेल ना?" ती जराशी हसली. "काय सांगणार मग?"

तेवढ्यात डोकं पुसत वडील बाहेर आले, झाडांकडे समाधानाने पाहिलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "आलं का गं एखादं?"

"कुठलं येतंय! त्या मेल्या कुत्र्यांची दहशत बसलीय," आई म्हणाली, आणि सावलीत त्यांना बसायला जागा करून दिली.