मी वाढवलेला हेन्री

लॉइड एशलमनला त्या उन्हाळ्यात एका जागी बसवत नव्हतं. अडतीस वर्षं त्यानं पशुखाद्याच्या गिरणीत एकही खाडा न करता काढली होती. आता निवृत्तीला दोन महिने उरले असताना तो दुपारी रजा टाकून कबरस्तानं धुंडाळत हिंडायचा. बायको आर्लीन म्हणायची, "जिवंत माणसांकडेही कधी बघत जा. मी अजून आहे इथे."

कारण होतं घराण्याचं पुस्तक. पेनसिल्व्हेनियातल्या एशलमनांचा मेळावा ऑगस्टमध्ये भरायचा आणि यंदा पन्नास वर्षांनी पुस्तक नव्यानं छापायचं होतं. जुन्या पुस्तकात प्रत्येक कर्त्या पुरुषाला एक पान होतं. लॉइडच्या वडिलांना, विल्मरला, नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात मेनोनाइटांची, म्हणजे शस्त्र न धरणाऱ्या त्यांच्या ख्रिस्ती पंथाची, बहुतेक पोरं बंदूक नाकारून वेड्यांच्या इस्पितळात नाहीतर जंगलात राबायला गेली. विल्मर फौजेत भरती झाला. परतल्यावर चर्चच्या मंडळीसमोर उभं राहून चूक कबूल कर, असं सांगितलं, तर त्यानं साफ नकार दिला. मंडळीनं त्याला बाहेर काढलं. तो तसाच, बाहेरचा म्हणून मेला.

नवं पुस्तक विल्मरच्या धाकट्या भावाच्या, अमोसकाकांच्या हातात होतं. लॉइडनं वडिलांचं पान मागितलं तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा म्हातारा म्हणाला, "आपल्या रक्तात बंदूक नाही, लॉइड. असेल तर दाखव, मग पान माग."

दाखवायला एकच सुटा धागा होता. १७१७ साली जहाजातून उतरलेल्या मूळपुरुष पीटरच्या मृत्युपत्रात सगळे 'माझा मुलगा', 'माझी मुलगी' असे होते. ज्याच्यापासून लॉइडची शाखा फुटली, तो मात्र 'मी वाढवलेला हेन्री' होता. वाढवलेला म्हणजे मूळचा कुणाचा? दोन वर्षं लॉइडनं मेनोनाइटांचे कागद आणि दगड पालथे घातले. हेन्रीचा जन्म कुठेच सापडेना. सापडणार तरी कसा? त्यांच्यात बाप्तिस्मा जाणत्या वयात घ्यायचा. पाळण्यातल्या पोराची नोंद कोण ठेवणार?

जुलैच्या एका रणरणत्या दुपारी तो मेनोनाइटांच्या कबरस्तानासमोरच्या लुथरन चर्चमध्ये पाणी मागायला शिरला. कचेरीत मिसेस रीबर नावाची बाई बसली होती. तिनं त्याच्या गुडघ्यांवरची माती पाहिली.

"मेनोनाइट ना? तुम्ही लोक आमच्याकडे फक्त पाणीच मागता. बाप्तिस्म्याची वही कधी मागत नाही."

"तुमच्या वहीत आमचं काय असणार, बाई? तुम्ही तान्ह्या पोरांना भिजवता. आमच्यात ते नाही."

"तुमच्या घरात कधी लुथरन जावई आलाच नाही वाटतं?"

लॉइडनं पेला टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढली. दोन वर्षांत हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

वही जर्मन लिपीत होती. मिसेस रीबरनं बोट सरकवत वाचलं : ऑक्टोबर १७५७, हेन्री, वय तीन आठवडे. बाप गेओर्ग राउख, सरहद्दीच्या किल्ल्यावरचा शिपाई. आई बार्बरा, पीटर एशलमनची मुलगी.

त्या संध्याकाळी तो जेवताना तीनदा उठला. "मिळालं ना हवं ते?" आर्लीन म्हणाली. "मग ताटात बघ की."

मिळालं होतं, पण त्याचं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी त्यानं जमिनीचे कागद काढले. शिपायाला डोंगराच्या पायथ्याशी दीडशे एकर मिळाले होते. कागदात सीमा सांगताना लिहिलं होतं, 'पूर्वेला इंडियनांचं जुनं गाव, आता रिकामं'. म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, किल्ल्यावरच्या शिपायांनी रिकामं केलेलं गाव. राउख मेल्यावर आजोबांनी नातवाला आपलं नाव दिलं आणि ती जमीन हेन्रीकडे आली. अमोसकाका ज्या घरात राहत होते, ते तिच्यावरच उभं होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर तो कागद घेऊन गेला. काकांनी पुदिन्याचा गार चहा पुढे केला, चष्मा लावला आणि सगळं दोनदा वाचलं.

"म्हणजे विल्मर घराण्यावरच गेला म्हणायचा," ते कोरडं हसले. "जिंकलास. खूश?"

"नाही, काका."

"का? बंदूक तर सापडली."

"बाबा बंदूक घेऊन गेले, पण परत येऊन त्यांनी कुणाची जमीन दाबली नाही. तरी त्यांना काढलं. आणि ज्यानं माणसं हुसकून शेत घेतलं, त्याचं शेत आपण अडीचशेहून जास्त वर्षं नांगरतो आहोत आणि म्हणतो, आपले हात स्वच्छ. बाबांना त्या माणसाच्या रांगेत बसवून पान मिळवायचं नाही मला."

"मग काय हवंय तुला?"

"दोन पानं. बाबांचं आणि राउखचं. गावासकट."

काकांनी खिडकीबाहेरच्या मक्याकडे बोट केलं. "लोक मला विचारतील, ही शेती कुणाची?"

"विचारतील."

"आणि मी काय सांगू, शहाण्या?"

काकांनी कागद त्याच्याकडे सरकवले. "विल्मरचं मी सांगतो, तू लिहून घे. भाऊ होता माझा. दुसरं तुझं तू लिही. मेळाव्यात मी ते वाचून दाखवणार नाही. पण पुस्तकातून काढणारही नाही."

लॉइडनं पेन उघडलं. काका विल्मरची जन्मतारीख सांगू लागले, मध्येच चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.