संदर्भसूचीतलं कुंकू

ऐंशीच्या दशकात मी कापूसवेचणीच्या गाण्यांवर पीएच.डी. केली. गाणी सगळी मायनं सांगितलेली. पण "सूचीत छापील पुस्तकंच घाला," असं मार्गदर्शक म्हणाले आणि मी शहाण्या बैलासारखी मान डोलावली. लेखक, साल, पृष्ठ, स्वल्पविराम, सगळं जागच्या जागी बसवलं. राहिली ती मायच.

प्रबंध घेऊन गावी, आष्टीला मायकडे गेलो. मायला वाचता येत नव्हतं.

"माह्यं नाव कुठी हाये रे?"

घाबरून मी तिचं बोट सूचीतल्या पहिल्याच नावावर टेकवलं.

"अगा, येवढं लांबलचक!" म्हणत तिनं त्याला हळदीकुंकू वाहिलं.

माय गेली. कुंकू अजून तिथंच आहे. त्या लेखकाचं पुस्तक मी धड वाचलंही नव्हतं.