मधल्या बाई

माझी आत्या शांतता मोहिमेत होती. म्हणजे नेमकं काय करत होती, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. कुणी विचारलं तर बाबा म्हणायचे, "भांडणं सोडवते." तिचा नवरा लवकरच वेगळा झाला, तोही न भांडता. भांडायला दोघांनी एका घरात असावं लागतं, असं आत्याच सांगायची.

शेवटची कित्येक वर्षं ती एका दुभंगलेल्या गावात होती. मधल्या रस्त्यावर वाळूची पोती रचलेली. पाण्याचा पंप अलीकडे, त्याची वीज पलीकडे. अलीकडचा म्होरक्या पूर्वी शाळामास्तर होता, पलीकडच्याचं औषधाचं दुकान होतं. दोघं एकमेकांचं तोंड पाहत नसत. म्हणून आत्या रोज रस्ता ओलांडून इकडचा निरोप तिकडे पोचवायची. मास्तर म्हणायचे, "त्या चोराला सांगा." पलीकडे जाऊन आत्या म्हणायची, "मास्तरांची विनंती आहे." शिव्या तिच्यापाशीच राहायच्या.

दोन्हीकडचे लोक तिला 'मधल्या बाई' म्हणत. जेवायला मात्र कुणी बोलवत नसे आणि तिलाही जाता येत नसे. एका घरी जेवली असती तर दुसऱ्या बाजूचा विश्वास उडाला असता. पत्र्याच्या खोलीत ती एकटीच चार घास खायची.

मग मास्तरांच्या बायकोचं इन्सुलिन संपलं. आत्यानं निरोप नेला. औषधवाल्यानं बाटली तिच्या हाती दिली नाही, स्वतःच उठला आणि रस्ता ओलांडून देऊन आला. त्यानंतर दोघांची समोरासमोर पहिली बैठक ठरली. आत्या पोचली तेव्हा दोघं आधीच येऊन कशावर तरी हसत बसले होते. तिला पाहून मास्तर उठले.

"बाई, आता तुम्हाला त्रास नको. आमचं आम्ही बघतो."

याच वाक्यासाठी तिनं इतकी वर्षं काढली होती. "छान झालं," म्हणून ती परत फिरली. खोलीवर आल्यावर उरलेल्या दिवसाचं काय करायचं, ते तिला सुचेना.

मोहीम गुंडाळली गेली आणि आत्या आमच्याकडे आली. आईनं पाहुण्यांचे कप काढले.

"वन्सं, या खेपेला किती दिवस?"

"आता कायमचीच."

आई कप पुसत म्हणाली, बरं केलंत. आत्यानं लवकरच दोन गल्ल्या सोडून खोली घेतली. शेजारी पार्किंगवरून भांडू लागले की ती दार लावून घ्यायची.

एका रविवारी ती आमच्याकडे असताना तिचा फोन वाजला. औषधवाला होता. मास्तर गेले होते. आत्या बराच वेळ नुसती "हं, हं" करत राहिली. तो रडत होता, असं तिनं नंतर सांगितलं. आपल्या माणसांसमोर मास्तरांसाठी रडायची त्याची सोय नव्हती.

"कोण गेलं?" आईनं विचारलं. "नात्यातलं?"

"नाही."

"मग मित्र?"

आत्या विचारात पडली. "माहीत नाही," ती म्हणाली. "रोज भेटायचे."

आईनं जेवून जायचा आग्रह केला, पण ती थांबली नाही. मी तिला सोडायला खाली गेले. फाटकापाशी ती म्हणाली, "तू जा वर. मला सवय आहे."

मी वर गेले नाही. तिच्यासोबत चार पावलं जावं, हेही सुचलं नाही. ती वळणाआड जाईपर्यंत फाटक धरून उभी राहिले.